खिंडीतली बाई आणि दहा नंबरचा पाना

शनिवारी सकाळी खिंडीच्या पायथ्याशी, नीरफणसाच्या झाडाखाली अकरा गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती आमच्या बेटावरचं निम्मं वाईलोलो गाव. बायका छत्र्या उघडून बसल्या होत्या. कुणीतरी दक्षिणा म्हणून डुकराचं पिल्लू पाय बांधून आणलं होतं, ते मधूनच केकाटायचं. एवढी गर्दी आमच्याकडे फक्त रविवारी चर्चमध्ये होते, आणि तिथं निदान मागच्या बाकांवर तरी कुजबूज चालते. इथं पिल्लू सोडलं तर कुणीही तोंड उघडत नव्हतं.

मध्यभागी सोलोफुती उभा. पांढरा सदरा, पांढरी लुंगी, गळ्यात शिंपल्यांची माळ. हा गृहस्थ अकरा वर्षं ऑकलंडला होता. तिथं काय करत होता ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, आणि परत येऊन सहा महिने होतात न होतात तोच तो आमच्या जिल्ह्यातल्या गाड्यांची भुतं उतरवायला लागला होता.

"हिला मी ओळखतो!" पहिल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तो ओरडला. "ही खिंडीतली बाई. आपल्या पणज्यांच्या काळातली, पण केस अजून काळेभोर. गाडी चढाला लागली की मागं लोंबकळते. म्हणूनच तुमची गाडी ओढत नाही! सपाटीला त्रास होतो का? सांगा, होतो का?"

"नाही!" गाव म्हणालं.

"राजधानीत, आपियाच्या बाजारात होतो का?"

"नाही!"

"फक्त खिंडीत! मग राहते कुठं ती? आणि हा पिवळा दिवा दिसतो ना समोर, हा दिवा नव्हे मंडळी. हा तिचा डोळा!"

एका बाईनं पोराला पदराआड घ्यावं तसं छत्रीआड घेतलं.

पहिलीच गाडी माझ्या मेहुण्याची, लाफाएलेची होती. जपानहून आलेली जुनी, राखाडी. आमच्या भागात तशाच पन्नासेक आहेत, सगळ्या एकाच घडणीच्या. लाफाएले तिच्यावर भाडी मारायचा, आणि माझी बायको सिएनी गावच्या आरोग्यकेंद्रात दाई असल्यामुळे अडलेल्या बायकांना खिंडीपलीकडे आपियाच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं काम त्याच गाडीवर असायचं. महिनाभर ती चढावर दम सोडत होती. पाय कितीही दाबा, एका मर्यादेपुढे इंजिन जायचंच नाही.

सोलोफुतीनं बॉनेट उघडलं, झाडाच्या सालीचं एक मोठं नक्षीदार वस्त्र त्यावर अंथरलं आणि स्वतः डोकं, खांदे, दोन्ही हात त्याखाली घातले. दहा मिनिटं आतून पुटपुटणं येत राहिलं. मग बाहेर येऊन त्यानं बाटलीभर मंतरलेलं खोबरेल इंजिनात ओतलं. फुलांचा वास सुटला.

"फिरव चावी."

लाफाएलेनं फिरवली. पिवळा दिवा विझला होता.

गावाच्या तोंडून एकदम उसासा निघाला. सोलोफुतीनं काचेतून आत बोट दाखवलं. "घड्याळ बघ!"

गाडीतलं घड्याळ बारा दाखवत होतं. खरं तर साडेनऊ झाले होते.

"जाता जाता वेळही घेऊन गेली ती! आता पंधरा दिवस खिंड चढताना पाय हलका ठेवायचा. भजन म्हणत, सावकाश. तिला घाई खपत नाही."

मी गावच्या शाळेचा मुख्याध्यापक, मुलांना विज्ञान शिकवतो. मला यातलं काहीच पटेना. मी रांगेत हिंडलो. गेल्या शनिवारी 'बऱ्या' झालेल्या चार गाड्या नवस फेडायला आल्या होत्या. चारींची घड्याळं चुकीची, आणि चारी चार तऱ्हांनी चुकीची.

"भुताला घड्याळाशी काय वैर असेल गं?" मी सिएनीला हळूच विचारलं.

"अहो, घरी चला," ती म्हणाली. "लोक बघतायत."

मी घरी गेलो.

बाराव्या दिवशी, सकाळची प्रार्थना आटोपते न आटोपते तोच लुपेला आणलं. एकोणीस वर्षांची पोर, पहिलं बाळंतपण. सिएनीनं पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. सरकारी रुग्णवाहिका बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. लाफाएलेनं गाडी काढली.

पुढचं मला सिएनीनं सांगितलं. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणाला चढ उभा झाला, मागच्या सीटवर लुपे किंचाळली आणि लाफाएलेनं भजनबिजन सोडून पाय तळापर्यंत दाबला. इंजिन चढत्या आवाजात गेलं आणि एका ठिकाणी कुणी गळा आवळावा तसं अडलं. पिवळा दिवा लागला. गाडी माणसाच्या चालीनं रांगायला लागली. मागून भोपळे, टारोचे कंद लादलेला ट्रक हॉर्न मारत पुढे निघून गेला. दहा मिनिटांच्या चढाला चाळीस मिनिटं लागली.

"मी तिचा हात धरून बसले होते," सिएनी म्हणाली, "आणि तोंडानं धीर देत होते. पण मनात मोजत होते, अजून किती वेळ पोटातलं पोर टिकेल."

पोर टिकलं. पोट फाडून काढलं, आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं.

त्या नऊ दिवसांत सोलोफुतीनं आपलं काम केलं. लाफाएले त्याच्याकडे रडत गेला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, "गाडीत कुणाचे केस मोकळे होते?"

आमच्याकडे जुनी समजूत आहे, भुताटकीच्या जागी बाईनं केस मोकळे सोडू नयेत. घाबरलेल्या लाफाएलेनं आठवलं. लुपेचा अंबाडा सुटला होता. कळांनी तळमळणाऱ्या बाईचा सुटणार नाही तर काय?

"मग माझ्या मंत्राला बोल लावू नकोस," सोलोफुती म्हणाला. "त्या पोरीनं खिंडीतल्या बाईला परत बोलावलं."

संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. लुपे बाळाला घेऊन परत आली तेव्हा तिच्या दारात एकही बाई रिवाजाचा कोको-पाव घेऊन गेली नाही. तिसऱ्या दिवशी सिएनी टाके बघायला गेली आणि घरी येऊन पिशवी दारातच टाकली.

"काय झालं?"

"सासूनं तिचे केस कापलेत. कात्रीनं. मुळापासून."

मी त्याच दिवशी लाफाएलेला गाडीसकट शेजारच्या गावी पालेपाकडे घेऊन गेलो.

पालेपा वेलिंग्टनच्या एका गॅरेजात बारा वर्षं इंजिनं उघडून बसवत होती. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुकान मांडलं. पण बाईमाणूस म्हणून लोक तिच्याकडे पंक्चर आणि गवत कापायची यंत्रं एवढंच आणायचे. इंजिनाला हात लावायचा तर सोलोफुतीनं, नाहीतर कुणीच नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "गुरुजी, तुमची भुतीण राहते कुठं?"

"खिंडीत."

"मग आज तिला समुद्रावर फिरवून आणू."

किनाऱ्याचा रस्ता ताटासारखा सपाट. पालेपानं गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली आणि पाय दाबत गेली. फेऱ्यांचा काटा चढला. तीन हजार, चार हजार. त्याच्या जरा पुढे इंजिन अडलं आणि पिवळा दिवा लागला. डावीकडे पाणी होतं, उजवीकडे नारळी. चढाचा पत्ता नाही.

"आली," पालेपा म्हणाली. "पोहायला आली असेल."

लाफाएले दिव्याकडे वाकला. "म्हणजे ती खिंडीत नसते?"

"ती काट्यावर असते. साडेचार हजारावर. तू एवढा जोर फक्त खिंडीत लावतोस, म्हणून ती तुला खिंडीतच भेटते. आणि पाय हलका ठेव, भजन म्हण, असं त्या माणसानं का सांगितलं? काटा तिथवर जाऊ नये म्हणून."

शेडमध्ये आल्यावर तिनं आधी ऑइलची पट्टी ओढून पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि लाफाएलेपुढे धरली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. आणि त्याला फुलांचा वास येत होता.

"शेवटचं कधी बघितलंस?"

लाफाएले डोकं खाजवायला लागला.

"हे खोबरेल डोक्याला लावतात रे. इंजिनाला नाही. तापलं की त्याचा डिंक होतो."

तिनं लगेच काही खोललं नाही. आधी वायरी तपासल्या, जोड हलवून बघितले. मग इंजिनाच्या कडेचा मुठीएवढा भाग तीन बोल्ट काढून बाहेर घेतला आणि त्याला बॅटरीच्या दोन तारा टेकवल्या. 'टक्' असा आवाज आला. पुन्हा टेकवल्या. पुन्हा टक्.

"हा ठणठणीत आहे. दुसरा कुणी असता तर हाच बदलून दिला असता." मग तिनं तो भाग उलटा केला. खाली नखाएवढी बारीक जाळी होती. जाळी कसली, तपकिरी खळ वाळून बसलेली टिकली. तिनं सुईनं टोकरली तर मेणासारखा पापुद्रा सुटला. "ही तुमची खिंडीतली बाई."

मी विज्ञान शिकवणारा माणूस, पण मलाही कळलं नव्हतं. तसं म्हटल्यावर तिनं फडक्याला हात पुसले.

"लाफाएले, चर्चला चालत जातोस तेव्हा श्वास कशानं घेतोस?"

"नाकानं."

"आणि पाऊस आला म्हणून पळालास तर?"

"तोंड उघडतो की."

"इंजिनाचंही तसंच. आत झडपा असतात. सावकाश चाललास की त्या थोड्याशा उघडतात, तेवढ्या हवेत भागतं. जोर लावलास की त्या जास्त उघडायला हव्यात. त्यांना दाबायला आत दोन तऱ्हेचे उंचवटे फिरत असतात, एक बुटका, एक उंच. जोर लागला की एक खिटी सरकते आणि उंच उंचवटा कामाला लागतो. ती खिटी ढकलतो ऑइलचा दाब. ऑइल येतं या जाळीतून. ऑइलच नाही, आहे त्यात खोबरेल, आणि जाळी बुजलेली. खिटी सरकणार कशी? गाडीतल्या कॉम्प्युटरला कळतं की दाब पोचलाच नाही. मग तो इंजिन जास्त फिरू देत नाही, मोडू नये म्हणून. आणि तुला सांगायला दिवा लावतो."

"पण सोलोफुतीनं तो दिवा विझवला. मी डोळ्यांनी बघितलं!"

मी घड्याळांची गोष्ट सांगितली. पालेपा हातातला पाना खाली ठेवून हसायलाच लागली.

"बॅटरीची तार सोडली की घड्याळ बारावर येतं. तार जोडल्याला जितका वेळ झाला तितकं पुढे जातं, म्हणून चार गाड्यांत चार वेगळ्या वेळा. आणि तार काढून दहा मिनिटं थांबलं की या गाड्या आपली तक्रारही विसरतात. दिवा गेला! वर बाटलीभर तेल ओतलं की पातळी तेवढ्यापुरती वाढते, आठ-दहा दिवस बरं चालतं. मग त्याचा डिंक होतो आणि गिऱ्हाईक परत येतं." ती एकदम हसायची थांबली. "पेशंट ओरडतोय म्हणून त्याचं तोंड दाबून धरायचं आणि म्हणायचं, बघा, बरा झाला. त्या गाडीत एक बाई मरत होती, गुरुजी."

जाळी आपियाहून नवी आली. ऑइल, फिल्टर बदलला, आतला डिंक धुऊन काढला. दोन दिवसांनी लाफाएले पाय तळाला टेकवून तीनदा खिंड चढला. तिसऱ्या वेळी वर थांबून तो गाडीला टेकला आणि ढसाढसा रडला. "मी लुपेचं नाव सांगितलं," एवढंच म्हणत होता.

तो गावभर सांगत सुटला. गाव म्हणालं, "पंधरा दिवस भरले ना, म्हणून सोडलं तिनं." सोलोफुती म्हणाला, "मंत्र उशिरा लागू पडतो कधीकधी." तेव्हा मला कळलं, नुसतं सांगून भागणार नाही.

पुढच्या शनिवारी मी पालेपाच्या आईची गाडी रांगेत लावली. तशीच राखाडी, समोर पिवळा दिवा लागलेला. गावचे थोरले प्रमुख खुर्ची टाकून पुढेच बसले होते. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, चावी तुम्ही फिरवा. तुमच्या हाताला यश आहे." ते खूश होऊन आत जाऊन बसले.

सोलोफुतीनं वस्त्र अंथरलं. दहा मिनिटं पुटपुटला. तेल ओतायला बाटली उचलली, तर मी म्हटलं, "तेल नंतर. आधी डोळा मिटू दे." त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं, पण गाव बघत होतं.

"फिरवा चावी."

प्रमुखांनी फिरवली. दिवा लागलेलाच होता.

"मोठी आहे ही," सोलोफुती म्हणाला आणि पुन्हा वस्त्राखाली गेला. या वेळी पंधरा मिनिटं. पुन्हा चावी. दिवा तसाच. तो तिसऱ्यांदा आत वाकला तेव्हा त्याच्या पाठीला सदरा घामानं चिकटला होता. गर्दीत चुळबूळ सुरू झाली.

"कुणीतरी अश्रद्ध माणूस इथं हजर आहे!" तो वस्त्राखालूनच गरजला.

"आहे ना," मागून पालेपा म्हणाली आणि पुढे आली. "मीच ती." तिनं वस्त्राचं टोक धरून ते बॉनेटवरून ओढलं.

प्रमुख गाडीतून उतरून बघायला आले. बॅटरीची काळी तार सुटून लोंबत होती, आणि शेजारी इंजिनावर दहा नंबरचा पाना पडलेला होता. म्हाताऱ्यांनी तो उचलून उन्हात धरला.

"हा कसला मंत्र रे सोलोफुती?"

"तो... गाडीवाल्याचा असेल."

"गाडी माझ्या आईची," पालेपा म्हणाली. "माझे पाने मी मोजून ठेवते. मंडळी, ही वायर बघा. झडपांच्या त्या भागाकडे जाणारी. ही मी सकाळी घरी सोडून ठेवली. मी, माझ्या हातानं. म्हणून दिवा लागलाय. याच्या मंत्रानं दिव्यामागचा बिघाड जात नाही, नुसती गाडीची आठवण पुसली जाते. वायर सुटलेलीच राहिली, तर चावी फिरवताच गाडीला ती पुन्हा कळते."

तिनं वायर जोडली. प्रमुखांच्या हातून पाना घेऊन बॅटरीची तार दहा मिनिटं बाजूला ठेवली, मग घट्ट केली. ना पुटपुटणं, ना वस्त्र.

"आजोबा, चावी."

दिवा पेटला, क्षणभर राहिला आणि विझला. घड्याळात बारा वाजले होते.

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणी. सोलोफुतीनं हात वर केले. "श्रद्धा नसली की असंच होणार! उद्या खिंडीत—"

"पाना श्रद्धेचा आहे का?" प्रमुखांनी विचारलं. आता सगळेच हसले.

आणि हसता हसता एकेक जण वळून बघायला लागला, कारण गर्दीच्या कडेला लुपे येऊन उभी राहिली होती. बाळ छातीशी. डोक्याला रुमाल. तिनं रुमाल सोडला. डोक्यावर बोटभर वाकडेतिकडे खुंट होते.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण ऐकू गेला. "माझ्या केसांचा आणि गाडीचा काय संबंध, हे तुमच्यातल्या एकानंही का विचारलं नाही?"

सासू जमिनीकडे बघत होती. लाफाएले पुढे झाला, तिच्यासमोर मातीत बसला आणि मान खाली घालून डोक्यावर बसायची चटई ओढली. आमच्याकडे क्षमा अशी मागतात, आणि समोरच्यानं चटई दूर केली की ती मिळते. लुपेनं रुमाल खांद्यावर टाकला. मग बाळ सिएनीकडे दिलं आणि ती चटई बाजूला सारली.

सोलोफुतीला गावसभेनं दक्षिणेत घेतलेली डुकरं आणि चटया ज्याच्या त्याला परत करायला लावल्या. तो आपियाला निघून गेला. तिथं टीव्हीची भुतं उतरवतो, असं ऐकतो. खरं-खोटं मला माहीत नाही, म्हणून पुढे काही बोलत नाही. पालेपाच्या शेडपुढे आता इंजिनं उघडायला गाड्या येतात, आणि ती प्रत्येकाला आधी पट्टी ओढून ऑइल दाखवायला लावते.

पण लुपेचा प्रश्न मला अजून सोडत नाही. तो सोलोफुतीला नव्हता. त्याचा तर धंदाच होता. तो मला होता. मला पहिल्याच शनिवारी संशय आला होता. घड्याळं बघितली होती, रांगेतून हिंडलो होतो, आणि लोक बघतायत म्हणून घरी गेलो होतो. मी त्याच दिवशी मोठ्यानं विचारलं असतं, तर ती गाडी बारा दिवस तशीच फिरली नसती.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यापाशी ज्ञान नसेल तर नसू दे. मलाही झडपांतलं काही कळत नव्हतं. ज्याला कळतं त्याच्याकडे जा, आणि ती बाई आहे म्हणून मागे फिरू नका. पण शंका आली तर ती गिळू नका. चारचौघांत, त्याच वेळी, मोठ्यानं विचारा. फार तर लोक हसतील. न विचारल्याची किंमत नेहमी दुसरंच कुणीतरी मोजतं, आणि बहुधा ते गर्दीतलं सगळ्यात दुबळं माणूस असतं.